सिलिकॉनच्या बाटल्या, शॅम्पूची वडी आणि लटकवायचा पाऊच: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्यात युरोपला जायच्या आधी मी तीन वस्तू घेतल्या होत्या. १०० मिलीच्या सिलिकॉनच्या बाटल्यांचा संच, शॅम्पूची वडी आणि आकडा असलेला, उघडून लटकवता येणारा पाऊच. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली असा तो प्रवास झाला, दिवाळीनंतर थायलंड झालं, आणि मधल्या काळात नाशिक-कोकणच्या फेऱ्यांनाही हेच सामान बरोबर होतं. आता वर्ष होत आलंय, त्यामुळे नवी वस्तू हातात आल्याचा आनंद ओसरून गेलाय आणि नीट सांगता येईल अशी वेळ आहे. माझं मत असं, की पाऊच डोळे मिटून घ्या, वडी घटक वाचून घ्या, आणि बाटल्यांचा अख्खा संच घेऊच नका.

बाटल्यांबद्दल जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त विकल्या जातात त्या ह्याच. १०० मिलीचा नियम आला २००६ मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनमध्ये विमानात द्रवरूप स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, आणि त्यानंतर हातातल्या सामानातले द्रव, जेल, क्रीम सगळं १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत आणि एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवणं आलं. इथे बाटलीची क्षमता बघतात, आत किती उरलंय ते नाही. दीडशे मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला चमचाभर क्रीम असलं तरी ती ट्यूब काढून ठेवतात. म्हणून बाटलीवर क्षमता उठावदार छापलेली असावी. माझ्या संचात ती होती आणि तपासणीला कुणी हरकत घेतली नाही. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यामुळे नियम सैल झालाय हे खरं, पण येताना किंवा मधे विमान बदलताना जुनाच नियम समोर येऊ शकतो, म्हणून मी १०० मिलीच धरून चालते. टूथपेस्ट, मस्कारा, लिपग्लॉस हेही द्रवातच मोजतात. लिपस्टिक मोजत नाहीत.

सिलिकॉनचा मोठा फायदा म्हणजे ते दबतं. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो. जमिनीवर बंद केलेल्या बाटलीतली हवा वर गेल्यावर फुगते आणि आतला द्रव झाकणाकडे ढकलते. कडक प्लास्टिकची बाटली गळते ती यामुळे. सिलिकॉनची बाटली पाऊण भरायची, दाबून हवा काढायची आणि दाबलेली असतानाच झाकण लावायचं. मग फुगायला जागा राहते. विमानात एकदाही गळती झाली नाही. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला मात्र, ३४५४ मीटरवर, पर्समधली लोशनची बाटली चांगलीच टणक झाली होती. तिथे टोपण उघडायचं तर बाटली उभी धरून, सावकाश.

आता तोटा, आणि हा कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो. केसांच्या सीरममध्ये सिलिकॉन तेलं असतात. घटकांच्या यादीत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन अशी नावं दिसतील. सारख्यात सारखं मुरतं, म्हणून ही तेलं सिलिकॉनच्या रबरातच शिरतात आणि रबर फुगतं. माझी सीरमची बाटली दिवाळीपर्यंत लुळी पडली, बाहेरून चिकट लागायला लागली आणि तोंड सैल होऊन झाकणाचे आटे नीट बसेनात. दुसऱ्या बाटलीत सासूबाईंचं खोबरेल होतं. ती गरम पाण्याने, डिशवॉश घालून कितीदा धुतली, पण खवट वास गेला नाही. संचातल्या चारपैकी दोन बाटल्या आज वापरात आहेत, एक लोशनची आणि एक फेसवॉशची. पाण्याचा अंश जास्त असलेल्या गोष्टींना हे साहित्य छान आहे, तेलकट गोष्टींना नाही. म्हणून दोन सुट्या बाटल्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात. सीरम आता मी त्याच्याच छोट्या बाटलीत नेते.

खोबरेलाचं सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडच्या किती बायकांचं त्यावाचून अडतं! ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नच्या खोलीत सकाळी ते पांढरं घट्ट झालेलं असायचं. अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते काढायला बाटली गरम पाण्यात धरून बसावं लागतं, आणि सातला बस सुटणार असेल तर तेवढा वेळ कुणाकडे असतो? सासूबाईंना आता रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची प्लास्टिकची डबी दिली आहे. गोठलेलं असो की पातळ, बोटाने घेता येतं, आणि वेणी घालून त्या सगळ्यांच्या आधी तयार असतात. तपासणीत मात्र गोठलेलं तेलही द्रव म्हणूनच पिशवीत ठेवा.

शॅम्पूच्या वडीने माझी पिशवी खरी हलकी केली. ती घन असल्यामुळे एक लिटरच्या पिशवीत मोजली जात नाही. पण बाजारात दोन तऱ्हेच्या वड्या आहेत आणि दुकानदार फरक सांगत नाहीत. एक असते मुळात साबणच, तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून केलेली. दुसरी असते साबण नसलेल्या सौम्य फेसकांची, तिच्या यादीत बहुतेकदा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट पहिल्या दोन-तीन नावांत असतं. पॅरिसचं पाणी जड आहे. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. आमच्या जावेकडे साबणाची वडी होती, तिचे केस दोन दिवसांत दोरखंडासारखे झाले. माझ्या दुसऱ्या तऱ्हेच्या वडीने त्याच पाण्यात केस मोकळे राहिले. तिनेही मग उरलेली सहल माझीच वडी वापरली. दोघींचे लांब केस असूनही घरी परत आलो तेव्हा वडी निम्म्याहून जास्त शिल्लक होती.

तिला जपावं मात्र लागतं. वडीसोबत मिळालेली पत्र्याची डबी दिसायला सुंदर, पण ओली वडी तिच्यात घालून रोज हॉटेल बदललं तर संध्याकाळी लगदा झालेला असतो. मी अंघोळीनंतर ती जुन्या सुती कापडात दाबून कोरडी करते आणि जाळीच्या थैलीत टाकून पाऊचच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते. डबी आता कानातली ठेवायला आहे.

पाऊचचा आकडा हा त्याचा प्राण. आपल्याला युरोपातल्या साध्या हॉटेलांच्या न्हाणीघरांची कल्पना नसते. वॉशबेसिनच्या कडेला दोन बोटं जागा, फळी नाही, बादली-मग नाही. चौघांचं सामान ठेवणार कुठे? दाराच्या खुंटीला किंवा टॉवेलच्या दांडीला पाऊच अडकवला की सगळं डोळ्यांसमोर. फिरणारा धातूचा आकडा घ्या. प्लास्टिकचा भरल्या वजनाला टिकेल असं मला वाटत नाही. वर्षभरात चेन सुरळीत आहे, आतलं अस्तर पुसलं की स्वच्छ होतं, फक्त पारदर्शक कप्पा पिवळट पडायला लागलाय. अंघोळीचं जेल बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या डब्यात मिळालं, कंडिशनर जवळजवळ कुठेच नाही. तेव्हा बॉडीवॉश न्यायची गरज नाही, कंडिशनर न्यायची आहे.

याच पाऊचमध्ये वाकड्या तोटीची एक दाबायची बाटली असते, शौचानंतर धुण्यासाठी. हे बोलायला लोक संकोचतात, पण परदेशात आपल्या घरच्या मोठ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच असते. पॅरिस आणि स्वित्झर्लंडमध्ये आमच्या कुठल्याच खोलीत पाण्याचा जेट नव्हता. इटलीत निराळं चित्र, तिथे १९७५ च्या एका सरकारी आदेशाने घरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बसकं बेसिन, बसवणं बंधनकारक आहे. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी ही बाटली घेतली आणि मग परत दिलीच नाही. रिकामी असल्यामुळे तपासणीतही प्रश्न नाही. ओले टिश्यू मी नेते, पण ते कमोडमध्ये टाकायचे नाहीत, पाइप तुंबतात.

डिओच्या फवाऱ्याबद्दल थोडक्यात: आपल्याकडचे डबे बहुतेक १५० मिलीचे, म्हणजे हातातल्या सामानात चालत नाहीत. मोठ्या बॅगेत एक डबा ५०० मिलीपर्यंत आणि सगळं मिळून दोन लिटरपर्यंत नेता येतं. मी कांडी वापरते.

सनस्क्रीन कशातही ओतू नका, मूळ ट्यूबमध्येच न्या. मुदत, घटक सगळं तिच्यावर असतं आणि थायलंडमध्ये ते दाखवता यायला हवं. तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत, फी फी बेटंही त्यातच येतात, २०२१ पासून प्रवाळाला घातक अशा चार घटकांपैकी एकही असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे आणि दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो. त्यातल्या ऑक्सिबेन्झोनचं नाव ट्यूबवर बेन्झोफेनोन-३ असं असतं आणि ऑक्टिनॉक्सेटचं इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट. आपल्याकडच्या बऱ्याच क्रीममध्ये हे दुसरं सापडतं. मी झिंक ऑक्साइडचं नेलं. चेहरा पांढुरका दिसतो, फोटोत कळतंही, पण प्रवाळ वाचणार असेल तर मला ते कबूल आहे. उलट स्वित्झर्लंडमध्ये थंडी वाजते म्हणून लोक सनस्क्रीन लावतच नाहीत. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा लावा.

भाची सप्टेंबरमध्ये शिकायला जर्मनीला चालली आहे. तिच्यासाठी पाऊच आणि दोन वड्या घेऊन ठेवल्या आहेत, आणि खोबरेलाची डबी सासूबाई स्वतःच्या हाताने भरून देणार आहेत.