भाड्याच्या घरांचा ऑनलाइन कोर्स: शीट कामाची, सरांचं गणित नाही

भाड्याने द्यायला पहिलं घर घ्यायचं तर लोन कसं बसवायचं, हे शिकवणारा एक पेड कोर्स नुकताच संपवला. नाव टाकत नाही, कारण असले कोर्स आता ढिगाने आहेत आणि बहुतेकांचा साचा एकच.

आधी चांगलं सांगतो. लोनचं मॉड्युल खरंच भारी आहे. ईएमआयची फोड करून दाखवलीय, म्हणजे ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत असेल तर पहिल्या हप्त्यातलं जवळपास ८३ टक्के नुसतं व्याजच असतं. मुदत ३० वर्षं केली की हप्ता १० टक्क्यांच्या आसपास कमी होतो म्हणून माणूस खूश होतो, पण एकूण व्याज मुद्दलाच्या सव्वापटीच्या आतून थेट १.९ पटीवर जातं. फ्लोटिंग रेट ९ चा १० झाला तर २० वर्षांचा हप्ता ७ टक्क्यांनी वाढतो, आणि भाडेकरूला काय तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन ७ टक्के जास्त द्या म्हणू शकत नाही. स्वतः राहायच्या घरापेक्षा भाड्याच्या घराला बँका सहसा डाउन पेमेंट जास्त मागतात आणि पात्रता काढताना बऱ्याचदा भाड्याचा पूर्ण आकडा धरत नाहीत, हेही नीट सांगितलंय.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे सोबत मिळणारी एक्सेल शीट. आणि गंमत अशी की सरांचं स्वतःचं उदाहरण त्याच शीटमध्ये टाकलं की सरच उघडे पडतात.

व्हिडिओत ते म्हणतात, घराची किंमत १०० धरा, लोन ८०, ९ टक्क्यांनी २० वर्षं, वर्षाचे हप्ते ८.६४, भाडं वर्षाला ९, म्हणजे पहिल्या दिवसापासून पैसा खिशात. ऐकायला मस्त. पण शीटमध्ये व्हेकन्सीचा रकाना आहे आणि त्यात सरांनी शून्य ठेवलंय, मेंटेनन्समध्ये पण शून्य! मी वर्षातला एक महिना घर रिकामं धरलं, तर भाडं ८.२५ वर आलं. रिपेरिंग, टॅक्स, इन्शुरन्स मिळून १.८ धरले, जे काही फार नाहीत. उरले ६.४५. हप्ते भरायचे ८.६४. म्हणजे वर्षाला २.१९ स्वतःच्या पगारातून घालायचे. डीएससीआर, म्हणजे खर्च वजा जाता उरलेलं भाडं भागिले हप्ते, येतो ०.७५ आणि जे कर्ज देणारे हा आकडा बघतात त्यांना साधारण १.२ च्या वर लागतो. लोन ६० वर आणलं तेव्हा कुठे जवळपास बरोबरी झाली, म्हणजे ४० स्वतःचे घाला, मग घर स्वतःचा हप्ता स्वतः काढतं. कॅप रेट, म्हणजे खर्च वजा जाता उरलेलं भाडं घराच्या किमतीच्या किती टक्के, तो ६.४५ आणि कर्ज ९ टक्क्यांचं, मग जितकं कर्ज जास्त तितका खड्डा मोठा, साधी गोष्ट आहे पण ती अख्ख्या कोर्समध्ये एकदाही बोलली जात नाही.

त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर, भाव तर वाढतातच ना. अहो, जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ पडत होते, अमेरिकेत २००६ नंतर घरांचे भाव अनेक वर्षं घसरले. २० टक्के डाउन पेमेंट असेल आणि भाव २० टक्के पडला तर तुमचा हिस्सा साफ, लोन तसंच.

किमतीच्या १ टक्का मासिक भाडं पाहिजे, हा अमेरिकेतून आलेला ठोकताळाही ब्रह्मवाक्य असल्यासारखा शिकवलाय. चाळणी म्हणून ठीक, निर्णय त्यावर नाही घेता येत. रिनोव्हेशनचं मॉड्युल तर सरळ स्किप करा, नुसते आधीचे-नंतरचे फोटो.

लाइव्ह प्रश्नोत्तरांत मी व्हेकन्सीचं विचारलं तर 'पॉझिटिव्ह राहा' असं उत्तर आलं आणि लगेच ॲडव्हान्स कोर्सची ऑफर, जो अर्थात याच्या कितीतरी पट महाग. नंतर सेल्सवाल्यांचे फोन सुरू झाले ते अजून थांबले नाहीत.

पाचात तीन स्टार, दोन शीटला आणि एक लोनच्या मॉड्युलला. घेणार असाल तर सेल लागतो तेव्हा घ्या, आधी शीट डाउनलोड करून रकान्यांतले शून्य बदला, आणि मोबाइल नंबर देऊ नका, नुसत्या मेल आयडीवर पण अकाउंट उघडतं.