प्लेट ओळखण्यासाठी यूएसबी सूक्ष्मदर्शक: खोक्यावरचा आकडा विसरून घ्यावा असे उपकरण

पेनी ब्लॅक या ब्रिटनच्या पहिल्या टपाल तिकिटाच्या दोन प्रतींच्या खालच्या कोपऱ्यांत तीच अक्षरे असली, तरी त्या एकाच प्लेटवर, म्हणजे छपाईच्या एकाच कोरीव पत्र्यावर, छापल्या गेल्या असतील असे मुळीच नाही. १८४० च्या या तिकिटाच्या तावात १२ तिकिटांची एक अशा २० ओळी, म्हणजे एकूण २४० तिकिटे असत. डावे अक्षर ओळ सांगते आणि उजवे अक्षर त्या ओळीतली जागा. व्हिक्टोरिया राणीचे चित्र रोलरने पोलादी प्लेटवर उतरवले जाई, त्यामुळे ते सगळीकडे जवळपास सारखेच आहे. अक्षरे मात्र कारागीर ठशाने एकेक करून हाताने ठोकत असे, आणि म्हणून कुठे अक्षर चौकटीच्या डाव्या कडेला टेकते, कुठे वर सरकते, कुठे किंचित कलते. अकरा प्लेटांपैकी आपल्या हातातली कोणती, हे याच सूक्ष्म फरकांवरून ठरते. हे काम मी आजवर दहापट भिंगाने करत आलो. गेल्या काही महिन्यांपासून त्यासाठी हातात धरता येणारा, संगणकाला जोडायचा यूएसबी सूक्ष्मदर्शक वापरतो आहे. अशी उपकरणे अनेक नावांनी विकली जातात आणि आतून बहुतेक सारखीच असतात. माझे उपकरण १६०० गुणिले १२०० बिंदूंचे चित्र देते.

खोक्यावर ‘हजारपट’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे, त्याकडे सरळ दुर्लक्ष करावे. या कामाला तेवढे वर्धन लागतच नाही, कारण त्या पातळीवर कागदाचे तंतू आणि शाईचे ठिपके दिसू लागतात आणि अक्षर हरवून जाते. तिकीट सुमारे १९ मिलिमीटर रुंद असते. ते पूर्ण रुंदीने पडद्यावर घेतले, तरी एका मिलिमीटरला ऐंशीच्या आसपास बिंदू मिळतात आणि अक्षराची जागा ठरवायला ते पुरतात. फक्त कोपऱ्याची चौकट भरून घेतली, तर ठशाचा दुहेरी घाव किंवा आखणीच्या रेघेचा उरलेला तुकडाही स्पष्ट दिसतो. भिंगाखाली हे दिसत नाही असे नव्हे, पण तिथे जे दिसते ते डोळ्यांतच राहते. इथे चित्र साठवता येते आणि एकाच मापाची दोन चित्रे शेजारी किंवा एकमेकांवर ठेवून पाहता येतात. माझ्या मते या उपकरणाची खरी कमाई एवढीच आहे, आणि ती थोडी नाही.

सोबतच्या मोजमापाच्या सुविधेवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. ही तिकिटे ओलसर केलेल्या कागदावर छापली जात, आणि वाळताना कागद प्रत्येक वेळी सारखाच आकसत नसे. म्हणून ‘अक्षर कडेपासून इतके मिलिमीटर’ असा निखळ आकडा दोन प्रतींत जुळला नाही, तरी प्लेट वेगळी आहे असे ठरत नाही. चौकटीच्या रुंदीच्या प्रमाणात अक्षर कुठे आहे, हे पाहणे अधिक भरवशाचे. शिवाय उपकरणाची उंची जराशी बदलली की वर्धनही बदलते आणि मापन नव्याने जुळवून घ्यावे लागते. फोकसचे चाक आणि वर्धनाचे चाक एकच असल्यामुळे हा त्रास टळत नाही. मी एकदा जुळवलेल्या चाकावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे आणि फोकससाठी खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवतो.

सर्वांत मोठा दोष प्रकाशाचा आहे. भिंगाभोवतीचे एलईडी दिवे सरळ वरून उजेड टाकतात, आणि कोरीव छपाईतला शाईचा उठाव त्यात पार सपाट होतो. पुनर्मुद्रांकनाच्या, म्हणजे झिजलेल्या प्लेटवर रोलर पुन्हा फिरवल्याने आलेल्या, जोडरेघा शोधताना हे विशेष खटकते. पहिली प्लेट सुरुवातीला कडक न करताच वापरात आली, ती लवकर झिजली आणि दुरुस्त करावी लागली. त्यामुळे तिच्या ‘१ अ’ आणि ‘१ ब’ अशा दोन अवस्था मानल्या जातात, आणि त्यांतला फरक पाहताना मला हे दिवे पूर्ण बंद करून बाजूने तिरका दिवा लावावा लागला. दिवे बंद करता येत नाहीत असे उपकरण या कामासाठी घेऊच नये.

१८६४ पासूनच्या पेनी रेडवर, म्हणजे पेनी ब्लॅकनंतर आलेल्या लाल तिकिटावर, तर प्लेटचा क्रमांक दोन्ही बाजूंच्या नक्षीतच कोरलेला आहे, त्यामुळे तिथे ओळख सोपी वाटते. पण शिक्क्याची काळी शाई नेमकी अंकावर बसलेली असते. प्लेट ७७ च्या मोजक्याच प्रती ज्ञात असल्याने १७७ मधला पहिला अंक झाकला गेला की आशा उगाच पालवते. माझ्याकडच्या अशा एका प्रतीवर पडद्यावरच्या चित्रात त्या १ ची पुसट उभी रेघ शिक्क्याखालून स्पष्ट निघाली. भिंगाखाली ती मला दोन वर्षे दिसली नव्हती, किंवा मी पाहू इच्छीत नव्हतो.

१८५४ च्या भारतीय अर्ध्या आण्यासारख्या शिळाछापाच्या तिकिटांना हे उपकरण तितकेच उपयोगी पडते. तिथे शाईला उठाव नसतो, त्यामुळे वरचे दिवे चालतात, आणि रेघेतले तुटलेपण किंवा डाग टिपायला तो सपाट उजेडच बरा ठरतो.

उपकरणासोबत येणारा लवचिक मानेचा स्टँड मात्र निरुपयोगी आहे, कारण टेबलाला नुसता हात लागला तरी चित्र थरथरते. धातूच्या उभ्या दांड्याचा जड स्टँड वेगळा घ्यावा, आणि तो घ्यायचा नसेल तर भिंगावरच समाधान मानावे.