लोवेचमध्ये ‘शंभर’ म्हणजे शंभर काय, हे आधी विचारा

बल्गेरियातल्या लोवेचला जाणार असाल तर निघण्याआधी हे वाचा. गावाला नावं ठेवायला लिहीत नाही. गाव देखणं आहे आणि तिथली बाकी माणसं आमच्याशी चांगलीच वागली. पण एका माणसाने आई-बाबांच्या देखत मला जसं लुबाडलं, ती पद्धत तुम्हाला माहीत असायला हवी.

मी म्युनिकला नोकरी करते. जून २०२४ मध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्याच वर्षी ३१ मार्चपासून बल्गेरिया विमान आणि जहाजप्रवासापुरता शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आला होता, त्यामुळे त्यांच्या जर्मनीच्या व्हिसावरच जाता येत होतं. सोफियाहून बसने लोवेच, एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी दवेताश्काची गुहा आणि क्रुशुनाचे धबधबे, संध्याकाळच्या बसने परत, असा बेत होता.

पहिला दिवस फार सुंदर गेला. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे ओसम नदीवरच्या छपराच्या पुलावरून त्यांचा पाय निघेना. कोल्यो फिचेतो या नामवंत कारागिराने १८७४ ते १८७६ मध्ये तो बांधला, १९२५ मध्ये तो जळला, आणि आज दिसतो तो १९३१ चा. आत दोन्ही बाजूंना छोटी दुकानं आहेत. नंतर वारोशा या जुन्या वस्तीतल्या दगडी गल्ल्यांतून आम्ही किल्ल्यावर चढलो. बायझंटाइन साम्राज्याने बल्गेरियाशी ११८७ मध्ये तह केला तो इथेच. जवळच क्रांतिकारक वासिल लेव्हस्कीचा मोठा पुतळा आहे. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल सोडून बॅगा घेऊन आम्ही पुलापाशी आलो. तिथे पन्नाशीचा एक माणूस स्वच्छ इंग्रजीत बोलायला आला. गुहा, धबधबे आणि संध्याकाळी थेट बसस्थानकावर, सगळे मिळून ‘शंभर’. बॅगा डिकीत ठेवा, ओझं कशाला वागवता? लेवा हे तेव्हाचं बल्गेरियाचं चलन. मी विचारलं, “शंभर लेवा ना?” त्याने मान वर-खाली हलवली.

आपल्या लेखी तो होकार. बल्गेरियात मात्र मान वर-खाली हलवली तर ‘नाही’ आणि आडवी हलवली तर ‘हो’. हे मी वाचलं होतं आणि ऐन वेळी विसरले. त्या वेळी एका युरोला १.९५५८३ लेवा हा ठरलेला दर होता. म्हणजे १०० लेवा हे जेमतेम ५१ युरो. तिघांना दिवसभर फिरवायला ते मला वाजवी वाटले. त्याची गाडी राखाडी होती, छतावर टॅक्सीची पाटी नव्हती, आत मीटर नव्हतं. हे सगळं मला दिसत होतं.

वाटेत तो म्हणाला की गुहेत वटवाघळं आहेत, जूनमध्ये आत जायला खास परवाना लागतो, माणशी २० लेवा. मी ६० लेवा रोख दिले. त्याने सिरिलिक लिपीतल्या तीन चिठ्ठ्या हातात ठेवल्या.

गुहा लोवेचपासून साधारण १८ किलोमीटरवर, दवेताकी गावाजवळ आहे. पोहोचलो तर प्रवेश बंद. ही गुहा दरवर्षी जून आणि जुलैमध्ये बंदच असते, कारण तो वटवाघळांच्या पिल्लांचा काळ. कसलाही परवाना पर्यटकाला मिळत नाही, आणि मिळू नये हेच योग्य आहे. छताला पडलेल्या सात भोकांतून आत ऊन उतरतं, ते पाहायला आई आतुर झाली होती. ती बाहेर उभी राहून कमानीकडे नुसती बघत राहिली. ते पैसे गुहेच्या देखभालीला जातात, परत मिळत नाहीत, असं सांगून त्याने गाडी सुरू केली.

क्रुशुनाला मन थोडं निवलं. चुनखडीतून झिरपलेलं पाणी थर साचवत साचवत पायऱ्या तयार करतं आणि त्या पायऱ्यांत हिरवट निळी कुंडं भरतात. लाकडी पुलांवरून आई सावकाश चालली.

परत बसस्थानकावर आलो तेव्हा बस सुटायला वीस मिनिटं होती. मी १०० लेवा पुढे केले. तो म्हणाला, शंभर युरो, आणि थांबण्याचे ४० वेगळे. मी म्हटलं, तुम्ही मान हलवलीत. “बल्गेरियात त्याचा अर्थ नाही असा होतो, तुम्हाला मी नाहीच म्हटलं होतं.” तो अगदी शांत आवाजात बोलत होता. डिकीला कुलूप होतं. बॅगेत बाबांची बीपीची औषधं होती आणि दोघांचे पासपोर्टही. आई मराठीत म्हणाली, “दे गं बाई, जाऊ दे.” मी १४० युरो मोजले. परवान्याचे धरून आमचे साधारण १२० युरो जास्तीचे गेले, तेव्हाच्या दराने दहा हजार रुपयांच्या वर. तिकीट खिडकीतल्या बाईंनी आईचे डोळे पाहून पाण्याची बाटली आणून दिली.

मी तेव्हा ११२ हा आणीबाणीचा नंबर लावायला हवा होता. एक बस चुकली असती, एवढंच. पासपोर्ट कधीही डिकीत ठेवू नका, अंगावर ठेवा. टॅक्सी पिवळीच घ्या, हॉटेलला सांगून बोलवा. काचेवर दरपत्रक चिकटवलेलं असतं, ते वाचा आणि मीटर लावायला सांगा. एकरकमी ठरवायचं असेल तर आकडा, चलन आणि ‘सगळ्यांचे मिळून’ हे शब्द कागदावर लिहून घ्या. मानेवर विसंबू नका. गुहेसाठी जून-जुलै टाळा.

१ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो आला आहे, त्यामुळे हीच युक्ती आता तशीच चालणार नाही. पण सुट्टे म्हणून कोणी जुन्या लेवाच्या नोटा दिल्या तर घेऊ नका. त्या व्यवहारात चालत नाहीत, बदलून घ्यायला बँकेत जावं लागतं, आणि दोन दिवसांच्या सहलीत तेवढा वेळ कोणाकडे असतो?

त्या तीन चिठ्ठ्या रात्री सोफियाच्या हॉटेलातल्या मुलीला दाखवल्या. तिने वाचल्या आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, या गाडी उभी करण्याच्या पावत्या आहेत, तारीखही गेल्या महिन्याची आहे. बाबांनी त्या घडी घालून पाकिटात ठेवल्या. अजून त्यांच्याकडे आहेत.