कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस : बी.एस्सी. फिजिक्सच्या विद्यार्थ्यांनी घ्यावा का?

शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असाइनमेंट, प्रयोगांचे जर्नल आणि सेमिनार हे सगळे सत्राच्या एकाच टप्प्यावर येऊन आदळते. या कामाचा मोठा भाग समजून घेण्यात नव्हे, तर आकडेमोडीत जातो, हे या शाखेतील बहुतेक विद्यार्थी मान्य करतील. वर्गात अजूनही काहीजण लॉग टेबल आणि साधा कॅल्क्युलेटर यांवर भागवतात आणि त्यांचे उत्तर बरोबरही येते. मात्र रात्री दहा वाजता बारा उदाहरणे शिल्लक असताना ते भागवणे महाग पडते. मी या वर्गातीलच एक विद्यार्थिनी असून कॅसिओचा एफएक्स-९९१ ईएस प्लस हा कॅल्क्युलेटर दुसऱ्या वर्षापासून वापरत आले आहे. त्याच्याविषयीचे हे मत केवळ भौतिकशास्त्राच्या गृहपाठापुरते आहे.

कोल्हापुरात महाद्वार रोड किंवा राजारामपुरीतील स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत तो सहज मिळतो आणि किंमत साधारण हजार ते दीड हजारांच्या घरात असते. खोक्यावर ४१७ फंक्शन्स असा आकडा छापलेला आहे, परंतु आपल्या कामाची त्यांतली आठ-दहाच, आणि दुर्दैवाने बहुतेक विद्यार्थी त्यांपैकी निम्म्यांपर्यंतही पोहोचत नाहीत, कारण सोबतची माहितीपुस्तिका खोक्याबरोबरच माळ्यावर जाते.

सर्वांत जास्त वेळ वाचवणारी सोय म्हणजे ‘कॅल्क’ ही कळ. सूत्र एकदाच चलांसह टाकायचे, कळ दाबायची आणि यंत्र विचारील त्या क्रमाने किमती भरत जायच्या. एकाच सूत्राची पाच तापमानांसाठी किंवा सहा तरंगलांबींसाठी उत्तरे काढायची असतात तेव्हा, आणि असाइनमेंटमध्ये असे प्रश्न हमखास असतात, या एका कळीने अर्धा तास हातात उरतो. मोड बदलला की टाकलेले सूत्र पुसले जाते, एवढे ध्यानात ठेवावे. किर्चहॉफच्या नियमांनी तीन लूपची समीकरणे मांडून झाली की ती सोडवण्याचे काम समीकरणांच्या मोडवर खुशाल सोपवावे; एसी सर्किटमधील इम्पिडन्ससाठी (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधासाठी) संमिश्र संख्यांचा मोड तितकाच उपयोगी आहे. निश्चित संकलनाची (डेफिनिट इंटिग्रलची) सोय मात्र फक्त पडताळ्यापुरती मानावी. यंत्र गॉस-क्रोनरॉड पद्धतीने केवळ संख्यात्मक किंमत काढते, अनंत ही सीमा स्वीकारत नाही, आणि सरांना तर पायऱ्या हव्या असतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हे परीक्षण मुख्यतः लिहिले आहे, त्याकडे वळते. शिफ्ट आणि ७ या कळा दाबल्या की चाळीस भौतिक स्थिरांक हाताशी येतात: ०३ क्रमांकावर इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, ०६ वर प्लांकचा स्थिरांक, २३ वर मूलभूत विद्युतप्रभार, २५ वर बोल्ट्झमनचा स्थिरांक, २८ वर प्रकाशाचा वेग. इतक्या बिनचूक किमती हाताशी असल्यामुळे विद्यार्थी संपूर्ण सूत्र जसेच्या तसे यंत्रात भरतात, आणि तेथेच घोटाळा होतो. या कॅल्क्युलेटरची खालची मर्यादा दहाचा उणे नव्याण्णवावा घात ही आहे. त्याहून लहान संख्या आली की तो ती शून्य धरतो. हायड्रोजनच्या मूळ अवस्थेची ऊर्जा काढण्याच्या सूत्रात अंशस्थानी इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि प्रभाराचा चौथा घात यांचा गुणाकार असतो. तो सुमारे ६ गुणिले दहाचा उणे १०६ वा घात इतका भरतो, म्हणजे मर्यादेच्या खाली जातो, आणि पडद्यावर कोणतीही चूक न दाखवता निमूटपणे शून्य उमटते. तप्त वस्तूच्या प्रारणाच्या नियमातील स्टीफनच्या स्थिरांकाच्या सूत्रात उलट प्रकार घडतो. तेथे छेदस्थानी प्लांकच्या स्थिरांकाचा घन आहे. तो सुमारे २.९ गुणिले दहाचा उणे १०० वा घात असल्यामुळे छेद शून्य होतो आणि ‘मॅथ एरर’ येते. तृतीय वर्षाच्या सांख्यिकीय यामिकीत आणि घनावस्था भौतिकीत प्लांकच्या स्थिरांकाचा हा घन पानोपानी भेटतो.

उपाय सोपा असून तो कागदावर करायचा आहे. हायड्रोजनच्या सूत्रात प्रभाराचा वर्ग घेऊन त्याला निर्वाताची परमिटिव्हिटी आणि प्लांकचा स्थिरांक यांच्या गुणाकाराने भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग करावा, मग वस्तुमानाने गुणून आठाने भागावे, उत्तर २.१८ गुणिले दहाचा उणे अठरावा घात ज्यूल, म्हणजेच परिचयाचे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. स्टीफनच्या स्थिरांकासाठी आधी बोल्ट्झमनचा स्थिरांक भागिले प्लांकचा स्थिरांक हे गुणोत्तर काढून त्याचा घन करावा. असे केल्यास कोणतीही मधली संख्या मर्यादेजवळ जात नाही आणि शेवटी ५.६७ गुणिले दहाचा उणे आठवा घात हे उत्तर मिळते. अधिक महागडा ९९१ ईएक्स घेतल्याने ही अडचण सुटत नाही, कारण त्याचीही मर्यादा हीच आहे. दुकानदार ५५२ फंक्शन्स, ठसठशीत पडदा आणि स्प्रेडशीट यांची स्तुती करतो, ती खरीच आहे. पण चार अज्ञातांची समीकरणे वारंवार सोडवावी लागत नसतील तर पदवीच्या गृहपाठासाठी वरचे पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

स्थिरांकांच्या यादीबद्दल आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावी. ३५ क्रमांकावरील गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८०६६५ ही जगभर ठरवून घेतलेली प्रमाण किंमत आहे. आपले शहर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे उंचावर असल्याने येथील खरी किंमत ९.७८ च्या आसपास बसते. लंबकाच्या प्रयोगात ९.७८ उत्तर आले म्हणून स्वतःच्या निरीक्षणांना दोष देणारे आणि यादीतील आकड्याशी जुळवण्यासाठी जर्नलमधील वाचने ‘सुधारणारे’ विद्यार्थी दरवर्षी असतात. प्रयोग चांगला झाला होता, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्याच प्रयोगासाठी सांख्यिकी मोडमध्ये लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग भरला तर सरळ रेषेचा चढ लगेच मिळतो, पण त्या चढातील अनिश्चितता यंत्र देत नाही आणि मोड सोडताच सर्व वाचने नाहीशी होतात. जर्नलला आलेखाचा कागद लागतोच, तेव्हा हा चढ आपल्या हाताने काढलेल्या रेषेची तपासणी करण्यासाठी वापरावा.

कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, हे सांगणारे अक्षर पडद्याच्या वरच्या कडेला इतके बारीक आहे की दोलनांची आणि तरंगांची उदाहरणे सुरू करण्यापूर्वी ते मुद्दाम पाहावे लागते. गुणाकाराचे चिन्ह गाळल्यास यंत्र तो गुणाकार भागाकाराच्या आधी करते. म्हणून एक भागिले दोन पाय (२π) असे सलग टाकण्याऐवजी अपूर्णांकाची कळ वापरलेली बरी. वहीतल्यासारखे अपूर्णांक आणि वर्गमुळे पडद्यावर दिसत असल्यामुळे टाकताना झालेली चूक चटकन सापडते, आणि जुन्या दोन ओळींच्या ९९१ एमएसपेक्षा हा घ्यावा याचे माझ्या मते तेवढे एक कारण पुरेसे आहे. सौरपट्टीच्या जोडीला बटण सेल असल्याने आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी वीज गेली तरी तो चालतो. वहीतले अक्षर दिसण्याची सोय मात्र आपली आपण करावी.

घरात मोठ्या भावंडाचा चालू स्थितीतला ९९१ ईएस प्लस असेल तर नव्याच्या मागे लागू नये. स्थिरांकांच्या किमती २०१९ च्या एसआय एककांच्या फेरव्याख्येपूर्वीच्या असल्या तरी फरक इतक्या पुढच्या दशांशस्थळी पडतो की गृहपाठाला त्याने बाधा येत नाही. ज्यांना पुढे आयआयटी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, त्यांना परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही आणि संगणकाच्या पडद्यावरील आभासी कॅल्क्युलेटर माऊसने चालवावा लागतो. त्यात कॅल्क कळ नाही की स्थिरांकांची यादी नाही, त्यामुळे अशा विद्यार्थ्यांनी शेवटच्या सत्रात निदान निम्मी उदाहरणे त्या पडद्यावर सोडवावीत.