सहा गाड्या, बारा टायर, एक पंप : आठ महिन्यांनंतर

टायरमध्ये हवा भरायचा छोटा इलेक्ट्रिक पंप घेऊन मला आठ महिने झाले. या काळात तो वाळवंटातल्या तीन फेऱ्यांना सोबत होता. पहिली चार दिवसांची, दुसरी सहा दिवसांची आणि तिसरी पाच दिवसांची. दर वेळी आम्ही सहा जण आणि सहा मोटरसायकली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचे पंप बऱ्याच नावांनी विकले जातात आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडतं. १२ व्होल्टचा, गाडीच्या बॅटरीला जोडायचा, टँकबॅगच्या, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीच्या, कप्प्यात सहज मावणारा.

पहिल्या फेरीआधी माझ्या वहीत पाण्याला एक पान होतं, पेट्रोलला एक, मुक्कामाला एक, औषधांना एक. पंपाला एक ओळ होती, "पंप १ नग". आता त्या वहीत हवेचं पान सगळ्यात आधी येतं आणि रोजचा मार्ग त्यावरून आखला जातो. हा बदल कसा झाला, तेच सांगतो.

मऊ वाळूत पूर्ण हवेचा टायर सुरीसारखा आत शिरतो. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगायला लागते. ही काही आजची युक्ती नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत राल्फ बॅग्नॉल्ड आणि त्यांचे सोबती फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरले, तेव्हा तेही टायरमधली हवा सोडूनच वाळू पार करत होते. अडचण इतकीच की वाळू संपून दगडी पठार लागलं की तीच हवा परत भरावी लागते. नाहीतर धारदार दगड टायर दाबून थेट रिमवर आपटतो. रिमला पोचा येतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

आम्ही ट्यूबच्या गाड्यांना मऊ वाळूत १५ ते १६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो आणि दगडी वाटेवर २६ ते २८. आमचा पंप मागचा टायर १६ वरून २८ वर न्यायला साधारण चार मिनिटं घेतो, पुढचा अडीच. खोक्यावर याहून बराच कमी वेळ लिहिला होता, पण तो लहान टायरसाठीचा असावा. पंप काढणं, वायर जोडणं, टोपणं सांभाळणं, मोजणं आणि परत गुंडाळणं धरलं तर एका गाडीला दहा मिनिटं जातात. म्हणजे सहा गाड्यांना एक तास.

पहिल्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाटेत वाळू, दगड, परत वाळू, परत दगड असा क्रम होता. दुपारपर्यंत दोनदा हवा भरली आणि दोन तास उभ्यानेच गेले. त्यातला एक तास तर भर उन्हात, अंगावर जाकीट आणि पायात जड बूट. अशा उन्हात माणूस तासाला एक लिटरपर्यंत घाम गाळू शकतो. संध्याकाळच्या वाट्याचं पाणी आम्ही तिथे उभं राहूनच पिऊन टाकलं. वेळ भरून काढायला पुढे वेग वाढवला आणि शेवटचे तीस किलोमीटर अंधारात करावे लागले. वाळवंटात रात्री गाडी चालवायची नाही हा आमचा पहिला नियम, तो दुसऱ्याच दिवशी मोडला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण आखणी माझी होती.

आता पंपाविषयी. मोटर दमदार आहे, आजवर बंद पडलेली नाही. पण सलग चार टायर भरले की ती इतकी तापते की नळीचं पितळी टोक उघड्या बोटांनी धरवत नाही. दोन गाड्यांनंतर दहा मिनिटं विश्रांती हवीच, हे माहितीपत्रकातही आहे. हा विश्रांतीचा वेळ वरच्या एका तासात धरलेला नाही, हे लक्षात घ्या. इंजिन चालू ठेवून भरावं, म्हणजे बॅटरी उतरत नाही. पण उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि हवेने थंड होणारं इंजिन लगेच तापतं. म्हणून आम्ही प्रत्येकाच्या गाडीला फ्यूजसकट कायमची वायर लावून घेतली. आपली हवा आपल्या बॅटरीवर. एकाच गाडीवर सगळा भार नको.

नळीचं तोंड आट्यांचं आहे. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचं. गळत नाही, हा गुण. दोष असा की काढताना दर वेळी थोडी हवा सुटते, आणि व्हॉल्व्हच्या आतला गाभा सैल असेल तर तोही सोबत फिरून बाहेर येतो. आमच्यात एकदा झालं. फुस्स आवाज आला आणि चार मिनिटांची मेहनत वाळूत गेली. गाभा आवळायची चावी आता नळीलाच दोऱ्याने बांधलेली आहे. व्हॉल्व्हची टोपणं धातूची, आतून रबरी चकती असलेली घ्या. गाभ्यात वाळूचा एक कण अडकला तरी रात्रभर हवा हळूहळू जात राहते आणि सकाळी तुम्ही पंक्चर शोधत बसता.

पंपावरचा काटा मात्र बिनकामाचा. १०० पीएसआयपर्यंतचा आहे. अशा मापकांची चूक बहुतेक वेळा पूर्ण मोजपट्टीच्या टक्क्यात धरली जाते. म्हणजे दोन टक्के म्हटले तरी दोन पीएसआय, आणि १५ मध्ये दोनचा फरक फार मोठा. माझ्या पंपाचा काटा तर तीनने जास्त दाखवत होता. १५ समजून आम्ही १२ वर चालत होतो. आता ३० पर्यंतचा वेगळा हातमापक ठेवतो आणि सहाही गाड्या त्या एकाच मापकाने मोजतो.

मोजायचं तेही पहाटे, टायर गार असताना. १० अंशांना १८ भरलेला टायर ५० अंशांपर्यंत तापला की साडेबावीसच्या आसपास दाखवतो. दुपारी तो आकडा बघून कुणी हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर लोळागोळा.

तीनच्या त्या फरकाने दुसऱ्या फेरीत आम्हाला चांगलंच शिकवलं. चौथ्या दिवशी एका मित्राची गाडी टेकडीच्या अंगावर रुतली. त्याच्या मागच्या चाकाला रिम लॉक, म्हणजे टायर रिमवर सरकू नये म्हणून धरून ठेवणारा चाप, नव्हता, हवा मुळातच कमी होती. त्याने जोरात थ्रॉटल दिला. टायर रिमवर सरकला, ट्यूब सोबत ओढली गेली आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटला. पंक्चरला ठिगळ लावता येतं, फाटलेल्या व्हॉल्व्हला नाही. मागची जादा ट्यूब दुसऱ्याच गाडीला आदल्या दिवशी लागून गेली होती. शेवटी पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब मागच्या १८ इंची चाकात दुमडून बसवली. ती चालली, मुक्कामापर्यंत पोचवलं तिने. जागा कमी असेल तर २१ चीच ट्यूब जादा घ्या, असं म्हणतात ते खरं आहे. त्या दिवसापासून रिम लॉक नसलेली गाडी आम्ही गटात घेत नाही. आणि व्हॉल्व्हचं खालचं नट रिमला आवळत नाही, वर टोपणाला भिडवून ठेवतो. टायर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि फाटायच्या आधी कळतं. रोज सकाळी सहाही गाड्यांभोवती एक चक्कर, बारा व्हॉल्व्ह बघायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

ट्यूबलेस गाडी आमच्यात एकच आहे. तिची हवा आम्ही २० च्या खाली नेत नाही, कारण टायरची कड रिमवरून सुटली तर हा छोटा पंप ती परत बसवू शकेल याची खात्री नाही. त्याला दाब जमतो, पण एकदम भरपूर हवा सोडणं जमत नाही. ती गाडी वाळूत थोडी झगडते. झगडू दे.

तिसऱ्या फेरीची आखणी मी हवेवरून केली. नकाशावर वाळू आणि दगडाचे पट्टे वेगवेगळ्या रंगांनी रंगवले आणि दिवसातून दोनदापेक्षा जास्त हवा बदलायला लागणार नाही अशी वाट शोधली. त्यासाठी दोन ठिकाणी लांबचा वळसा घ्यावा लागला. वाळूचे पट्टे सकाळी ठेवले. तेव्हा वाळू गार आणि जरा घट्ट असते, आणि तिरप्या उन्हात टेकडीची कड सावलीमुळे उठून दिसते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं, पलीकडचा उतार दिसतच नाही. मिश्र वाटेवर हवा बदलायची नाही, सरसकट २१ ठेवायची आणि दगडांत वेग कमी करायचा, हे ठरवून टाकलं. गटातल्या दोघांना हे पटलेलं नाही. मला पटलंय. वेग कमी करण्यात वाया जाणारा वेळ पंपाशेजारी उभं राहण्यापेक्षा कमीच आहे.

पंप आता दोन आहेत. आम्ही वळणावर थांबायची पद्धत वापरतो. म्हणजे म्होरक्याच्या मागचा गडी वळणावर उभा राहतो आणि सगळ्यात शेवटचा येईपर्यंत हलत नाही. यात कुणी चुकत नाही, पण पहिला आणि शेवटचा यांच्यात वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर पडतं. म्हणून एक पंप म्होरक्याकडे, दुसरा शेवटच्याकडे. म्होरक्या पोचला की हवा भरायला लागतो, जो येईल तो रांगेत. शेवटचा येईपर्यंत दोन गाड्या तयार असतात. मग पहिला पंप थंड होईपर्यंत दुसरा चालतो. शिवाय शेवटच्याकडे पंप असल्यामुळे मागे कुणाचं पंक्चर झालं तर म्होरक्याला परत बोलवावं लागत नाही. मोबाइलला रेंज नसलेल्या मुलखात याचं मोल मोठं आहे.

जादा म्हणून पायाने मारायचा साधा पंपही ठेवतो. गॅसची कारतुसं सोडून दिली, एका कारतुसात मागचा टायर धड भरत नाही. चार्जिंगवर चालणारे बिनवायरी पंप एका मित्राने आणले होते. तीन टायरांनंतर ते बसले, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिच्या तब्येतीला बरं नाही. रोजच्या वापराला ठीक, गटासाठी नाही.

आठ महिन्यांनी तक्रारी दोन उरल्या आहेत. बटणात वाळू जाऊन ते अधूनमधून अडकतं, रोज रात्री रंगाच्या ब्रशने झाडावं लागतं. आणि नळी इतकी आखूड आहे की व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असेल तर गाडी थोडी ढकलून चाक फिरवावं लागतं. सामान लादलेली गाडी वाळूत ढकलणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. नळी मी अर्ध्या मीटरने वाढवून घेतली आहे. जोड घट्ट बसलाय, पण ५० अंशांत टिकतो का, ते पुढच्या फेरीत बघायचंय. तोवर जुनी नळीही बॅगेत राहील.