लिनक्स बोर्डाच्या मोकळ्या पिनांवर तापमानाचा सेन्सर: वन-वायर, आयटूसी की डीएचटी?

बोर्डावर दोन-चार जीपीआयओ पिन (प्रोग्राममधून वाचता-लिहिता येणाऱ्या पिना) मोकळ्या आहेत आणि तापमान वाचायचंय, अशा वेळी बरेच जण आधी अचूकतेचे आकडे बघत बसतात, अर्धा अंश की पाव अंश, पण रास्पबेरी पायसारख्या लिनक्स बोर्डासाठी पहिला प्रश्न तो नाहीच. पहिला प्रश्न म्हणजे टायमिंग कोण सांभाळणार. मायक्रोकंट्रोलरवर एकटा तुमचाच प्रोग्राम चालतो, दहा मायक्रोसेकंद थांब म्हटलं की दहाच थांबतो. लिनक्सवर तुमचा प्रोग्राम रांगेत उभा असतो, मध्येच शेड्युलर (कोणाची पाळी ते ठरवणारा) त्याला बाजूला करतो, नेटवर्कचा इंटरप्ट (आधी मला बघा म्हणणारा सिग्नल) येतो, एसडी कार्डावर काहीतरी लिहिलं जातं आणि तेवढ्यात सेन्सरने पाठवलेला बिट येऊन गेलेला असतो. म्हणून ज्या सेन्सरला असा उशीर चालतो किंवा ज्याचं टायमिंग कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर नीट सांभाळतो, तोच घ्यायचा.

या कसोटीवर आयटूसी सगळ्यात निवांत. यात दोन तारा, एक डेटाची, एक क्लॉकची, आणि त्यांच्या जोडीला बस म्हणतात. क्लॉकची लाइन बोर्डाच्या ताब्यात असते, क्लॉक खालीवर होईल तेव्हाच पुढचा बिट सरकतो, त्यामुळे बोर्ड मध्येच अडकलं तरी सेन्सर वाट बघतो. म्हणूनच हार्डवेअर आयटूसीच्या पिना दुसऱ्या कशात गेल्या असतील तरी कुठल्याही दोन मोकळ्या पिनांवर कर्नलचा आयटूसी-जीपीआयओ ड्रायव्हर लावून बस उभी करता येते, आणि तापमान वाचण्यापुरती ती अगदी मस्त चालते.

वन-वायर याच्या बरोबर उलट. डीएस१८बी२० या वन-वायर सेन्सरला डेटाची एकच पिन लागते, पण क्लॉक नाही, सगळा खेळ वेळेवर. रीसेटसाठी लाइन किमान ४८० मायक्रोसेकंद खाली धरायची, प्रत्येक बिटचा स्लॉट साधारण ६० मायक्रोसेकंदांचा आणि वाचताना स्लॉट सुरू झाल्यापासून पहिल्या १५ मायक्रोसेकंदांतच लाइन बघावी लागते. हे पायथनमधून करायच्या भानगडीत पडूच नका. कर्नलमध्ये वन-वायरचा जीपीआयओ ड्रायव्हर आहे, तो बिट वाचताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवतो आणि वर सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का ते सांगणारा तपासणीचा आकडा) पण तपासतो, त्यामुळे एक पिनवाला असूनही हा सेन्सर लिनक्सवर भरवशाचा ठरतो. रास्पबेरी पायवर बूटच्या सेटिंग फाइलमध्ये ओव्हरलेची एक ओळ टाकली की झालं, पिन सांगितली नाही तर तो जीपीआयओ ४ धरतो. दुसऱ्या बोर्डांवर डिव्हाइस ट्रीमध्ये (कुठल्या पिनवर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) एक छोटा नोड लिहावा लागतो, पिन ओपन-ड्रेन, म्हणजे लाइन फक्त खाली ओढणारी, आहे हे त्यात सांगायचं.

आता या दोघांतच निवड करायची तर मी अंतर विचारेन. सेन्सर बोर्डापासून लांब न्यायचाय, पाण्याच्या टाकीत, गच्चीवर, पाइपला बांधून, तर डीएस१८बी२० च. स्टीलच्या नळीत बंद केलेला मिळतो, साध्या तीन तारांच्या केबलवर बरेच मीटर जातो आणि प्रत्येक चिपला स्वतःचा ६४ बिटांचा नंबर असल्यामुळे एकाच पिनवर अनेक लावता येतात. फक्त तारा एकापुढे एक अशा न्या, मधल्या एका जागेवरून चांदणीसारखे चार लांब फाटे काढले की सिग्नल परत फिरतात आणि सेन्सर यादीतून गायब व्हायला लागतात. आयटूसीचं मात्र लांब केबलशी जमत नाही. बसच्या तारांवर ४०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची मर्यादा आहे आणि केबल लांबवली की ती भरत जाते, बोर्डापासून हातभर अंतरात ठेवलात तर कटकट नाही.

सेन्सर बोर्डाजवळच राहणार असेल, किंवा आर्द्रता पण हवी असेल, किंवा अर्ध्या अंशापेक्षा चांगलं मोजायचं असेल तर आयटूसी. इथे पर्याय भरपूर आहेत. एलएम७५ जुना आणि साधा, चूक दोन अंशांपर्यंत जाऊ शकते, पण पंखा कधी चालू करायचा एवढ्यासाठी पुरतो आणि पत्ता बदलून एका बसवर आठ लावता येतात. टीएमपी१०२ अर्ध्या अंशात. एसएचटी३१ ची चूक नेहमीच्या वापरात ०.२ अंशाच्या आसपास, सोबत आर्द्रता, आणि महत्त्वाचं म्हणजे तो प्रत्येक आकड्यासोबत सीआरसी पाठवतो, जे एलएम७५ आणि टीएमपी१०२ करत नाहीत, त्यांच्या बसवर गडबड झाली तर चुकीचा आकडा गुपचूप तुमच्या ग्राफमध्ये जाऊन बसतो. बीएमई२८० मध्ये दाब पण मिळतो, मात्र त्यातलं तापमान मुळात दाब आणि आर्द्रता दुरुस्त करण्यासाठी आहे, खोलीचं तापमान म्हणून ते थोडं जास्तच दिसतं. त्याच्या नावाखाली बीएमपी२८० पण विकतात, ज्यात आर्द्रता नसतेच. बघायला सोपं आहे, चिपचा आयडी वाचा, बीएमई असेल तर हेक्स ६०, बीएमपी असेल तर हेक्स ५८.

आयटूसीची एक खोड माहीत असू द्या. वाचन चालू असतानाच बोर्ड रीबूट झालं तर कधीकधी सेन्सर डेटा लाइन खाली धरून बसतो आणि बोर्ड परत चालू झालं तरी बस मेलेली दिसते. सेन्सर बिघडलेला नसतो. क्लॉकच्या लाइनवर नऊ पल्स दिल्या की सोडतो, नाहीतर त्याची पॉवर काढून परत द्यायची. बोर्ड अडगळीत किंवा उंचावर ठेवणार असाल तर सेन्सरची पॉवरच एका जास्तीच्या पिनवरून द्या, हे सेन्सर इतका कमी करंट घेतात की पिनला झेपतं, म्हणजे लांबूनच बंद-चालू करता येतं.

डीएस१८बी२० च्या खोडी वेगळ्या, पण त्या लपून राहत नाहीत म्हणून मला तो आवडतो. कर्नल ड्रायव्हर प्रत्येक सेन्सरची एक फाइल दाखवतो, ती उघडली की दोन ओळी येतात, पहिलीच्या शेवटी येस किंवा नो, दुसरीच्या शेवटी तापमान मिलीअंशात, २३१२५ दिसलं म्हणजे २३.१२५ अंश. नो असेल तर आकडा फेकायचा. येस असून बरोबर ८५००० आला तर जवळजवळ नक्की पॉवरची गडबड आहे, कारण चिप चालू होताना तिच्या रजिस्टरमध्ये ८५ अंशच भरलेला असतो आणि मोजणी पूर्ण झालीच नाही तर तोच आकडा बाहेर येतो. यादीत २८ ने सुरू होणाऱ्या नावाऐवजी ०० ने सुरू होणारी भलतीच नावं उगवायला लागली तर पुल-अप (लाइन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) नाही किंवा सुटलाय, डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच, बोर्डातल्या आतल्या पुल-अपवर भागवू नका. डेटाच्या तारेतूनच पॉवर घेऊन दोन तारांत काम उरकायची पॅरासाइट पॉवरची सोय आहे, पण तिसरी तार टाकणं शक्य असेल तर टाकाच, मोजणीच्या वेळी चिपला दीड मिलीअँपपर्यंत करंट लागतो आणि त्या रेझिस्टरमधून तो पुरत नाही. शिवाय बारा बिटला (सगळ्यात बारीक पायऱ्यांना) एक वाचन ७५० मिलीसेकंदांपर्यंत जातं, आठ सेन्सर एकामागून एक वाचले की सहा सेकंद गेले. नऊ बिटवर आणलं तर ९४ मिलीसेकंदांच्या आत होतं, पण मग अर्ध्या अंशाच्या पायऱ्या. टाकीच्या पाण्याला सहा सेकंदांनी काही फरक पडत नाही, उगाच घाई कशाला.

डीएचटी११ आणि डीएचटी२२ या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, लिनक्स बोर्डासाठी नवा विकत घेऊ नका. एका तारेवर चालतो म्हणून लोक त्याला वन-वायर समजतात पण तो प्रोटोकॉल वेगळाच आहे, पत्ता नसतो, त्यामुळे प्रत्येक सेन्सरला वेगळी पिन. ४० बिट सलग येतात, लाइन २६-२८ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य आणि ७० राहिली तर एक, आणि ही गती सेन्सर ठरवतो, बोर्ड मध्ये थांबवू शकत नाही. कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे, नाव ११ चं असलं तरी २२ पण वाचतो, पण बोर्डावर लोड असला की एखादा बदल हुकतो आणि वाचन एरर देतं. वर डीएचटी२२ ला दोन वाचनांमध्ये दोन सेकंद द्यावे लागतात, आणि डीएचटी११ ची चूक दोन अंशांपर्यंत. हातात आधीच असेल तर कर्नल ड्रायव्हरनेच वाचा, एरर आली की दोन सेकंद थांबून परत विचारा, चालून जाईल. विकतच घ्यायचाय तर एसएचटी३१ घ्या.

थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) तेव्हाच, जेव्हा बोर्डात एडीसी, म्हणजे व्होल्टेज आकड्यात मोजणारा भाग, आहे. बीगलबोन ब्लॅकमध्ये १२ बिटांच्या सात ॲनालॉग इनपुट आहेत, पण त्यांना १.८ व्होल्टच्या वर काही चालत नाही, ३.३ लावलं तर बोर्ड जाऊ शकतं. रास्पबेरी पायमध्ये एडीसी नाहीच, एमसीपी३००८ ही एडीसीची चिप जोडावी लागते, म्हणजे एसपीआयच्या (ही आणखी एक क्लॉकवाली बस) चार पिना गेल्या, मग तेवढ्यासाठी थर्मिस्टर कशाला? कपॅसिटर किती वेळात भरतो ते मोजून एका पिनवर थर्मिस्टर वाचायची युक्ती सांगतात, पण तिथे परत तोच टायमिंगचा प्रश्न, आकडा नाचत राहतो. भट्टी किंवा ओव्हनसाठी मात्र वरचे सगळे बाद, डीएस१८बी२० सुद्धा १२५ अंशांपर्यंतच. तिथे के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) आणि तो वाचणारी मॅक्स३१८५५ चिप. एसपीआयलाही क्लॉक असतो त्यामुळे मोकळ्या पिनांवर चालतं.

शेवटी पिन कुठली धरायची ते, विशेषतः राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकून एलईडीच्या पिना वापरणार असाल तर. काही राउटरमध्ये एलईडी थेट प्रोसेसरला नसतात, शिफ्ट रजिस्टर नावाच्या मधल्या चिपला असतात, कर्नलला त्या जीपीआयओसारख्या दिसतात पण त्यांच्यावर फक्त लिहिता येतं, वाचता येत नाही, मग वन-वायर तिथे कधीच चालणार नाही. काही पिनांची पातळी चिप बूट होताना बघते आणि त्यावरून मोड ठरवते, तिथे तुमचा ४.७ किलोओहम लागला की बोर्ड उठतच नाही. म्हणून आधी नुसता रेझिस्टर लावून पॉवर काढून-घालून बघा, नीट बूट झालं की मगच सेन्सर जोडा. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा पुल-अप नको. पिन नंबर स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहून ठेवू नका, पायवर ६.६ कर्नलनंतर जुन्या सिसएफएसमधले (फाइलींतून पिना चालवायची जुनी पद्धत) नंबर ५१२ पासून सुरू व्हायला लागले आणि पाय ५ मध्ये तर जीपीआयओच वेगळ्या चिपवर गेलेत, त्यामुळे थेट रजिस्टरला हात घालणाऱ्या जुन्या लायब्रऱ्या तिथे चालत नाहीत. डिव्हाइस ट्रीमधून कर्नल ड्रायव्हर लावलेला असेल तर हे काहीच निस्तरावं लागत नाही. आणि सेन्सर राउटरच्या किंवा बोर्डाच्या डब्यात बसवू नका, निदान वीतभर तार बाहेर काढा, नाहीतर एसएचटी३१ सुद्धा खोलीचं नाही, प्रोसेसरचं तापमान सांगत बसेल.