रात्रीच्या गाडीने निघताना: सीआयसी, फोली की कॉन्डोम कॅथेटर?

कोल्हापूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जायचं म्हणजे दहा-अकरा तास. साध्या स्लीपरच्या संडासात व्हीलचेअर शिरत नाही, त्यामुळे लघवीचं काय करायचं हे तिकीट काढण्याआधीच ठरवावं लागतं. मणक्याच्या इजेनंतर पहिल्यांदाच लांब निघालेले बरेच जण दुपारपासून पाणी बंद करतात. कृपा करून तसं करू नका. लघवी घट्ट होते, इन्फेक्शन आणि मुतखड्याचा धोका वाढतो. ठरवायचं असतं ते लघवीच्या नळीचं, म्हणजे कॅथेटरचं.

हात नीट चालत असतील तर माझा कौल सीआयसीला (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन, म्हणजे नळी तेवढ्यापुरती घालून काढून घेणं). दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, एका वेळी 500 मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. त्यासाठी संडास लागतोच असं नाही. खालचा बर्थ, अंगावर चादर, हात स्वच्छ केलेले, आणि नेलाटन कॅथेटरच्या (फुगा नसलेल्या साध्या नळीच्या) मागच्या टोकाला युरोबॅग जोडलेली. लघवी थेट पिशवीत जाते. धार थांबली म्हणून नळी लगेच ओढू नका. सावकाश बाहेर घेताना पुन्हा थोडी येते, ती येऊ द्या.

खरी अडचण रात्रीची. दिवसभर खुर्चीत बसून पायात पाणी उतरलेलं असतं. आडवं झालं की ते रक्तात परततं आणि लघवी भराभर तयार होते. म्हणून बर्थवर चार तासांचा हिशेब जमत नाही, मी अडीच तासांचा गजर लावतो. तो चुकला तर खालची चादर भिजते, जाणीव नसल्याने कळतही नाही, आणि ओल्या कातडीवर बेडसोर व्हायला फार वेळ लागत नाही.

फोलीला, म्हणजे फुग्याने मूत्राशयात अडकून राहणाऱ्या नळीला, गजर नको, हीच तिची ओढ. मानेच्या इजेमुळे बोटं चालत नसतील आणि सीआयसी करून देणारं सोबत कोणी नसेल, तर फोलीच बरी. पण सतत आत राहणाऱ्या नळीने इन्फेक्शन आणि खडे जास्त होतात, आणि प्रवासातली उचलाउचल तिला मानवत नाही. एकदा दोघांनी मला उचलून डब्यात चढवलं आणि पिशवी खुर्चीलाच अडकलेली राहिली. आतला फुगा भरलेला, नळी ताणली गेली, मला काहीच जाणवलं नाही. पिशवीत लाल दिसलं तेव्हा मिरज आलं होतं. आता कोणी हात लावायच्या आधी पिशवी रिकामी करून खुर्चीवरून सोडवून घेतो. बसल्यावर ती मांडीवर ठेवायची नाही, मूत्राशयाच्या खालीच हवी. नाहीतर लघवी उलटी आत जाते.

इजा डी-6 (छातीच्या मागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर आणखी एक गोष्ट. अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम सुटला, तर उठून बसा आणि आधी नळी दुमडली आहे का ते बघा. सीआयसीवाल्यांनी लगेच मूत्राशय रिकामं करावं. बीपी धोकादायक चढलेलं असू शकतं. थांबलं नाही तर डॉक्टर बोलवा.

कॉन्डोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर कॉन्डोमसारखं चढवून पिशवीला जोडायचं आवरण, स्वस्त, लावायला सोपं, पण पुरुषांपुरतं. ते गळलेली लघवी फक्त गोळा करतं, मूत्राशय रिकामं करत नाही. आत किती उरते हे सोनोग्राफीत तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका. मी ते सीआयसीच्या जोडीला, एसटीत गळती झाली तर म्हणून लावतो. डायपरचंही तेच: जोड म्हणून ठीक. बायकांना सीआयसीसाठी छोटा आरसा आणि आडोसा लागतो. परवडत असेल तर टू-टियर एसीचा पडदा खरोखर कामाला येतो.

एका लग्नासाठी म्हणून सीआयसी सोडून फोली टाकावीशी वाटली तर आधी युरॉलॉजिस्टना विचारा. आणि निघायच्या आठवडाभर आधी घरी पलंगावर, चादरीखाली, कमी उजेडात सीआयसी करून पाहा. दोन दिवसांसाठी मी पंधरा नळ्या घेतो, त्या सीटखालच्या बॅगेत नाही, उशाशी.